शांत वस्तीत घर विकणे आहे

चिंचवड,
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांवर धाकट्या भावजयीने, म्हणजे शालनने, डोकं ठेवलं आहे असं समजावं. इकडे आम्ही सर्वजण जिवंत आहोत. (एरवी मी ‘खुशाल आहोत’ लिहिते. या खेपेला ‘जिवंत’ का लिहिलं ते पुढे येईल. तोवर कोपरा फाडलेलं एखादं कार्ड तुमच्या हाती पडलं असेल तर ते चुलीत घालावं. त्यापायी डोक्यावरून आंघोळ करू नये, आणि केली असल्यास ती रोजचीच समजावी.) तुमचे गुडघे कसे आहेत? नगरच्या थंडीत शाळेचा जिना दिवसातून चारदा चढता-उतरता हे ऐकून यांचा जीव कळवळतो, पण मोठ्या बहिणीला, आणि त्यातून हेडमास्तरीणबाईंना, तसं लिहायची यांची छाती होत नाही, म्हणून मी लिहिते. सुंठ उगाळून लावत जा.

आता घराविषयी. तुमची आज्ञा मी देवापुढे ठेवून दोनदा वाचली. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात यांना क्वार्टर मंजूर झालं, एक मार्चच्या आत तिथे राहायला गेलो नाही तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार. तुम्ही लिहिलंत की जायचं तर खुशाल जा, पण मामंजींनी बांधलेलं घर कुलपात कुजवायचं नाही, आधी विका आणि मग जा, माझ्या निम्म्या हिश्शाची सही तयार आहे. म्हणजे आजपासून अठरा दिवसांत घर विकायचं. नऊ वर्षं आडाचं पाणी ओढताना मी नळाच्या नावाने यांचं डोकं खाल्लं, तेव्हा क्वार्टरचा आनंद सगळ्यांत जास्त मलाच व्हायला हवा, आणि तो झालाही.

तुम्ही लिहून धाडलेली जाहिरात यांनी पुण्याच्या पेपरात जशीच्या तशी दिली. ‘विकणे आहे. चिंचवड गावात, शांत वस्तीत, ओळीतले जुने, कुटुंबास योग्य घर. समक्ष पाहावे.’ खाली आमचा पत्ता आणि दुसऱ्या मालकीणबाई म्हणून तुमचाही. त्यातलं ‘जुने’ खरं आहे, मागच्या भिंतीला टेकून कोणी उभं राहिलं की पाठ पांढरी होते. ‘ओळीतले’ तर शंभर टक्के खरं, एका लांबलचक आढ्याखाली पाच घरं, मध्ये नुसत्या भिंती, पहिल्या घरात कोणी शिंकलं की पाचव्यातून विचारपूस होते. पण वन्सं, ‘शांत वस्तीत’ हे शब्द तुम्ही कशाच्या आधारावर घातलेत? तुम्ही इथून गेलात त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा असेल शांत. आता आपल्या उजव्या हाताला अर्जुनराव राहतात, ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात आणि लग्नसराई नसली की सरावासाठी वाजवतात. डाव्या हाताला आपल्या अंबूबाई. त्यांच्याविषयी तुम्हाला मी काय सांगावं? वय झाल्यापासून त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं त्या धरून चालतात.

जाहिरात खोटी ठरू नये (तुमचं नाव खाली होतं ना) म्हणून मी पाचही घरं फिरून आले. पहिलं गिऱ्हाईक गेल्या मंगळवारी दहाला येणार होतं, रंगराव नावाचे, कचेरीतून निवृत्त झालेले, पेठेतल्या गोंगाटाला कंटाळलेले. मी म्हटलं, एक तास सगळ्यांनी गप्प राहायचं. पोरांना नदीवर पिटाळायचं. जातं बंद, उखळ बंद. चुलीही पेटवू नका, पाचही घरांचा धूर आढ्याखालून आमच्याच माजघरात येतो. सगळ्यांनी ऐकलं हो. इतक्या एकजुटीने ही ओळ कधी वागली नव्हती. अर्जुनराव तर म्हणाले, वहिनी, वाद्य आत ठेवलं तर हात शिवशिवतील, मी ते गुंडाळून मांडीवर घेऊन बसतो. एका धुतलेल्या पांढऱ्या धोतरात क्लॅरोनेट गुंडाळून ते ओट्यावर बसले. पायजम्यावर बनियन, डोकं उघडं. बाकीचे पुरुषही आपापल्या ओट्यावर, कोणी कोणाशी बोलत नाही. अंबूबाईंना गप्प राहायची सवय नाही, त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. नुसते खांदे हलत होते.

रंगराव आले ते गल्लीच्या तोंडाशीच थबकले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. त्यांनी चपला लांब काढल्या, टोपी काढून खिशात घातली, खाली मान घालून आले आणि अर्जुनरावांच्या शेजारी बसले. मला वाटलं, केवढा सभ्य माणूस. बसले ते अर्धा तास बसले. मग हलकेच अर्जुनरावांना काहीतरी विचारलं. अर्जुनरावांनी गिऱ्हाईक जाईपर्यंत तोंड उघडणार नाही अशी शपथ घेतली होती, त्यांनी नुसतं आमच्या दाराकडे बोट केलं. रंगराव उठून दाराशी आले. मीही (बोलायचं नाही ठरलं होतं ना) हाताने आतली वाट दाखवली. तर त्या गृहस्थांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “नको, माझ्याच्याने बघवणार नाही. घराचं आपण तेराव्यानंतर बोलू.” हात जोडले आणि गेले.

राग आला मला. घर न पाहताच बघवत नाही म्हणतो म्हणजे काय? मागची भिंत जरा खराब आहे, पण इतकी नाही. आणि तेरावं कसलं? तेवढ्यात अर्जुनरावांच्या मांडीवरच्या त्या पांढऱ्या गुंडाळीकडे माझं लक्ष गेलं, आणि मग बाकीच्या ओळीकडे, आणि मी मटकन उंबऱ्यातच बसले.

रंगराव तिथून स्टेशनवर गेले आणि गाडी येईपर्यंत त्यांनी जे कोणी भेटलं त्यांना ही बातमी सांगितली. कोण गेलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण ज्या अर्थी घर विकायला काढलंय त्या अर्थी घरचा कर्ताच गेला असणार असं स्टेशनवर ठरलं. दुपारी बाराच्या आत पलीकडच्या गल्लीतल्या सोजराबाई, दुःखाच्या घरात चूल पेटलेली नसणार म्हणून, पिठलं-भाकरीची टोपली घेऊन हजर. (चूल खरोखरच पेटलेली नव्हती. पिठलं उत्तम होतं. मी आधी जेवले आणि मग त्यांना खरं सांगितलं, ही माझी चूक.) चारला हे पहिली शिफ्ट करून स्टेशनवरून चालत येत होते, तर एका अनोळखी गृहस्थांनी यांनाच आपल्या घराचा पत्ता विचारला. दौलतरावांच्या मंडळींना भेटून यायचंय म्हणाले, फार वाईट झालं. तुमचे बंधू किती भिडस्त आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून हे काही बोललेच नाहीत, त्यांना दारापर्यंत घेऊन आले आणि पाणीही आणून दिलं. गृहस्थ मला म्हणाले, दिवंगतांचा स्वभाव फार चांगला होता असं ऐकतो. यांनी मान डोलावली. वन्सं, अशा माणसाशी मी नऊ वर्षं संसार केला आहे.

रंगरावांनी तुमच्या पत्त्यावरही कोपरा फाडून दुःखाचं कार्ड टाकल्याचं नंतर त्यांच्याच पत्रातून कळलं. म्हणून हे पत्र.

दुसरं गिऱ्हाईक काल रविवारी आलं. या वेळी मी ओळीला सांगितलं की बाबांनो, रोजच्यासारखे वागा. ज्योतीराम म्हणून बीडकडचे आहेत, यांच्याच कारखान्यात, क्वार्टरच्या यादीत आपल्या पाठोपाठचंच नाव. आपण नंबर लावून बसलो म्हणून त्यांना मिळालं नाही, तर ते बिचारे आपलंच घर घ्यायला आले. बरोबर बायको सुमन, दोन लहान पोरं. अर्जुनरावांनी त्यांच्या स्वागताला वरातीतली चाल वाजवली. पोरं नाचली. मी सुमनला स्वयंपाकघर दाखवत होते तेवढ्यात कोनाड्यातून अंबूबाईंचं तोंड बाहेर आलं.

तो आरपार कोनाडा तुम्हाला आठवत असेलच. मामंजींनी आणि अंबूबाईंच्या मालकांनी घरं बांधताना भिंतीत ठेवलेला, एकच दिवा आणि दोन्ही चुलींपुढे उजेड. एक दिवस आपलं तेल, एक दिवस त्यांचं, अजून तेच चालू आहे. दिव्याशिवाय त्यातून विरजण जातं, विस्तव जातो, आणि बाकी जे जातं त्याला माप नाही. अंबूबाईंनी सुमनला गाव विचारलं, पोरांची नावं विचारली, काल काय रांधलं ते विचारलं, आणि वाटीभर विरजण पुढे केलं. ती पोरगी वाटी हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, आठ महिने झाले इथं येऊन, माझं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. ज्योतीरामांना घर पसंत, भाव पसंत, मागच्या भिंतीबद्दल चकार शब्द नाही. गुरुवारी पान-सुपारी करून बोलणं पक्कं करायचं, असं म्हणत ओट्यावर उतरलेसुद्धा.

आणि मग बिनसलं. सुमनच्या कानावर कुठूनसं आलं असावं की या घरात आत्ताच कोणीतरी गेलं. नशीब एकेकाचं, दुसरं काय. तेव्हा घर विकलं गेलेलं नाही. मी माझ्याकडून शिकस्त केली.

गुडघ्यांना जपा. लहान-थोरांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे माझे नमस्कार-आशीर्वाद सांगा आणि या पत्रातल्या चुका वहीतल्यासारख्या लाल शाईने काढू नका.

तुमची,
शालन

ता. क. – तुमच्यापासून काही लपत नाही, तेव्हा लिहून टाकते. सुमनने ओट्यावरून मागे वळून मला विचारलं होतं, “ताई, इथं कुनी वारलंय म्हने?” मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. डोळ्यांना पदर लावला. (चुलीत लाकडं ओली होती.)

दुसरा ता. क. – लाकडं ओली नव्हती. गेल्या बुधवारी मी एकटीच क्वार्टर पाहून आले. नळ सोडला तर पाणी आलं, वन्सं, नुसती चकती फिरवली आणि धो धो. मला इतका हर्ष झाला की सांगायला मी भिंतीकडे वळले, आणि भिंत नुसती भिंत होती. तिथे उभं राहून मला रडू आलं. घरी येऊन कोनाड्यातून अंबूबाईंना नळाचं कौतुक सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तू जा खुशाल. मी काय, उजेडातच दोन घास खाऊन निजंन. दिवा तरी कुनासाठी लावायचा?” आणि वर हसल्या. त्या दिवसापासून मला काही सुचत नाही.

तिसरा ता. क., खरं काम हेच – मला इथून जायचं नाही. पण नऊ वर्षं नळ नळ करून आता कोणत्या तोंडाने यांना सांगू? यांनी माझ्यापायीच क्वार्टरसाठी साहेबांच्या दारात खेटे घातले. तेव्हा तुम्हीच यांना एक कडक पत्र लिहा, अगदी तुमच्या नेहमीच्या वळणाचं. घर विकायचं नाही, माझी सही मिळणार नाही, निवृत्त झाल्यावर मी तिथे राहायला येणार आहे, असं खडसावा. (खरंच या. अंबूबाई रोज विचारतात.) क्वार्टर आपोआप ज्योतीरामांना मिळेल आणि सुमनकडून दर रविवारी विरजणाला यायचं आम्ही कबूल करून घेऊ. पत्रात माझं नाव येता कामा नये. तुमचं पत्र आलं की मी दोन दिवस फुगून बसेन, नळासाठी. हे पाकीट यांच्या हाती न देता अर्जुनरावांच्या हाती देत आहे.

चौथा ता. क., हस्ताक्षर निराळं असलं तरी घाबरू नये – ताई, अर्जुनरावांना आळंदीच्या लग्नाची सुपारी आहे, म्हणून पेटीत टाकायला पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं. मी पत्र वाचलेलं नाही. फक्त एवढंच, की कडक पत्र लिहिशील तेव्हा ‘नालायक’ हा शब्द एकदाच घाल, कारण ते मला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. क्वार्टर नको असा अर्ज मी गेल्या सोमवारीच साहेबांना दिला आहे. कामावरून आल्यावर भिंतीपलीकडून ‘आला का रं दौलत’ असं कोणी विचारलं नाही तर मला घरी पोचल्यासारखं वाटत नाही. हे शालनला कसं सांगावं ते आठ दिवस कळत नव्हतं, नळासाठी ती इतकी आसुसलेली. आता सांगायची गरज नाही, आणि तूही सांगू नकोस. पत्र मात्र लवकर धाड, आज सकाळी ज्योतीरामांना साहेबांनी क्वार्टरसाठी बोलावून घेतलं होतं. तुझं पत्र आलं की मला फार आश्चर्य वाटणार आहे.

दौलत