तोडलं मी, नाव नोर्माचं

मी, एलोइसा तोमाला, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा कागदी पुतळे करण्याचा, राहणार ग्वायाकील, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. आमच्याकडे एकतीस डिसेंबरला सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात आणि आधी त्याच्या नावाने थट्टेचं मृत्युपत्र वाचतात: अमक्याला माझी ढेरी, तमक्याला माझा आळस. हे त्यातलं नव्हे. ज्याला हसायचं असेल त्याने सह्या झाल्यावर हसावं.

कलम १. घर, पुढची कार्यशाळा, सिमेंटचे सगळे साचे आणि खळ शिजवायचं पातेलं माझी भाची यादिरा हिला. पुढाऱ्यांचे साचे टाकू नयेत. नाक बदललं की पुढच्या निवडणुकीला चालतात.

कलम २. भाऊ सेगुंदो याला माझी झुलती खुर्ची. शेजारच्या नोर्माच्या व्हिडिओंच्या प्रदर्शनात हा उभा राहून टाळ्या वाजवत होता. आता बसावं.

कलम ३. घटस्फोटित नवरा वेलिंग्टन याला काहीही नाही. त्याला द्यायचं ते मी १९८८ साली मागच्या अंगणात दिलं. ते कसं, हे नमूद करणं भाग आहे.

वेलिंग्टन दातांच्या डॉक्टरणीबरोबर पळून गेला, तेव्हा मी त्याचा पुतळा केला. मिशी, पोट, सगळं हुबेहूब. रीतीप्रमाणे तो वर्षअखेरपर्यंत ठेवायचा. पण मला कुठला धीर! मार्चमध्येच त्याला अंगणात उभा केला आणि कोयत्याने हाणला. शेजारची नोर्मा विल्यासीस कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणून बसली होती, तिने ते टिपलं. पोट फुटलं, भुसा उडाला, मी रडले आणि मग हसूच आवरेना. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी त्याच भुशाचा आणि चिंध्यांचा एक बैल केला. इतका देखणा बैल माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

व्हिडिओत माझा चेहरा नाही, नुसते हात दिसतात. तो तिने किटोच्या कलाप्रदर्शनात दाखवला, मग साओ पाउलोच्या. खाली नाव, नोर्मा विल्यासीस. विद्वानांनी लिहिलं की नोर्मा आपला संताप फोडते आणि त्यातून नवं घडवते. अहो, संताप माझा, नवरा माझा, भुसा माझा! या बाईने जन्मात लग्न केलेलं नाही! पुढे तिच्या व्हिडिओंत पियानो फुटले, टीव्ही फुटले, एक अख्खी होडी फुटली. दर वेळी हारतुरे तिला आणि मी मागच्या रांगेत. माझा जळफळाट व्हायचा. आजही होतो. तिचे पिकलेले केससुद्धा मला बघवत नाहीत, मेलीला शोभतात.

कलम ४. मला पुरावं. जन्मभर जाळायचा माल केला, मी स्वतः त्यात जाणार नाही.

कलम ५. मागचं अंगण. गेल्या महिन्यात नोर्मा हिरव्या केळ्याचे गरम गोळे घेऊन आली, आत चीज, मला आवडतात तसे.

"एलो, अंगण मला दे. तुझा शेवटचा पुतळा तू फोड, मी शूट करते. आपल्या दोघींचं काम होईल."

"दोघींचं? आणि पहिलं कुणाचं गं?"

"तू कधी मागितलंस?"

"स्वतःचा राग मागून घ्यायचा असतो का, भवाने?"

तिने एक गोळा माझ्या ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "बरं बाई, आता सांगते सगळ्यांना."

"तोंडी नको. लेखी दे."

नोटरी इंत्रियागो सांगतात, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला की खोकल्याची उबळ आली. म्हणून ठरवते: नोर्माने खाली साक्षीदार म्हणून सही केली नाही, तर अंगण तिचं. तिथे वाटेल ते फोडावं आणि खाली स्वतःचं नाव घालावं. सही केली, तर अंगण यादिराचं आणि नोर्माला काडीही नाही. मात्र सहीच्या वर तिने १९८८ साली त्या दिवशी अंगणात काय पाहिलं ते स्वतःच्या हाताने लिहावं. ती नाही म्हणाली तर सहीसाठी औषधवाल्याला बाहेर बसवून ठेवलं आहे.

हे मी तिला वाचून दाखवलं. आत्ता ती अंगणात उभी आहे, बराच वेळ झाला. यादिरा म्हणते, "आत्या, पड जरा." पडते कसली! मी खिडकीतून बघते आहे.

वरील सर्व माझ्या मनाप्रमाणे आहे.

स्थळ: ग्वायाकील
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१६

(सही) एलोइसा तोमाला

साक्षीदार:

१. एलोइसाबाई पूर्ण शुद्धीवर आहेत. माझ्यावर दोनदा ओरडल्या.
(सही) आगुस्तिन मेरो, बेकरीवाला

२. तोडलं एलोइसाने. त्यातून बैल घडवला तोही तिनेच. मी नुसता कॅमेरा धरला होता, आणि मला तिचा हेवा वाटत होता.
(सही) नोर्मा विल्यासीस