लाइपझिगच्या त्या दुपारी यशने काय मागवलं होतं

मी, मोरेश्वर त्र्यंबक निमकर, वय एकाहत्तर, निवृत्त पाइपलाइन इंजिनिअर, राहणार शुगर लँड, टेक्सास, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने शरीर खचलं असलं तरी बुद्धी शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी सांगून, धाकाने किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेलं नाही. पत्नी लतिका हयात असताना केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. कोर्टासाठी वकिलांनी याचं इंग्रजी केलं आहे. मराठी मात्र माझं आहे, आणि ते माझ्या माणसांनी वाचावं.

कलम १. माझे मित्र रवींद्र दाभाडे यांना मी व्यवस्थापक नेमतो. त्यांनी हो म्हटलं आहे. घरातली कामं ते दोन-दोन वर्षं पुढे ढकलतात हे सुनंदावहिनी सांगतातच, पण दुसऱ्याच्या कामाला त्यांनी कधी उशीर केलेला नाही.

कलम २. शुगर लँडचं राहतं घर विकून येणारी रक्कम आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी सून वल्लरी यश निमकर आणि नात रुही यांना समान मिळावी. रुहीचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत वल्लरीच्या देखरेखीखाली राहील. वल्लरीने पुन्हा लग्न केलं तरी यात बदल नाही. तिने करावं अशी माझी इच्छा आहे. गेल्या दिवाळीत फोनवर तिला तसं बोललो, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी जेवलात का ते सांगा." म्हणून इथे लिहून ठेवतो, म्हणजे विषय बदलता येणार नाही.

कलम ३. वरील शिल्लकीतून आधी एका प्रवासाचा खर्च बाजूला काढावा. रुही मोठी झाली की वल्लरीने तिला खाली लिहिलेल्या ठिकाणी न्यावं. ही जर्मनीतली दारूची दुकानं आहेत, हे मी जाणून लिहितो. मी जन्मात कधी नियमाने प्यायलो नाही. माझा मुलगा यश बाटल्या भरण्याची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत होता. काम संपलं की त्या त्या गावच्या पबमधून तो रविवारी आम्हाला फोन करायचा आणि मागचा गलका ऐकवायचा. त्याच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा त्याने ही सगळी ठिकाणं हौसेने दाखवली.

कोलोनला कॅथीड्रलच्या मागच्या गल्लीत जावं. तिथे बिअर वीतभर उंचीच्या बारीक ग्लासात येते आणि ग्लास रिकामा दिसला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो. मला हे ठाऊक नव्हतं. पानात वाढलेलं टाकायचं नाही या सवयीने मी संपवत गेलो. लतिका हळूच म्हणाली, "अहो, पुरे की आता." मी म्हटलं, "मी कुठे मागतोय?" यश हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसला होता. शेवटी वल्लरीने ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून माझ्या ग्लासावर ठेवली आणि वाढपी थांबला. सासऱ्याला वाचवणारी सून, हे तेव्हापासून.

बाम्बर्गला धुरावलेली बिअर मिळते. लतिकाने नुसता वास घेतला आणि म्हणाली, वांगं भाजलंय कोणीतरी. म्युनिकच्या बिअरबागेत पेय त्यांचं घ्यायचं पण खाणं आपलं नेता येतं. चेस्टनटच्या झाडाखाली तिने धपाटे आणि लसणाची चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी एक धपाटा मागून खाल्ला, चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आणखी एक मागितला. रुहीने तिथे डबा घेऊनच जावं.

लाइपझिगला यशचं घर होतं. घराजवळच्या कोपऱ्यावर हेल्गाबाईंचं छोटं दुकान आहे, आत लाकडी बाकं आहेत. तिथल्या बिअरमध्ये मीठ आणि धणे असतात. लतिका दोन घोट प्यायली. "ताकाची बहीण आहे ही," असं म्हणाली. आयुष्यात तिने चाखलेली बिअर तेवढीच.

कलम ४. आता जे लिहिणं भाग आहे ते लिहितो.

यश सायकलवरून घरी येत असताना वळणाऱ्या ट्रकखाली आला. दुपारची वेळ होती, रुही नुकती चालायला लागली होती. वल्लरीने फोनवर आम्हाला सांगितलं त्यात एवढंच होतं, की तो हेल्गाबाईंकडून निघाला होता आणि घरी पोचला नाही. आम्ही जाऊन आलो. परतल्यावर शुगर लँडच्या घरी लोक भेटायला आले. डॅलसजवळच्या अर्विंगहून माझा धाकटा भाऊ अनिल आला. हॉल माणसांनी भरलेला होता. अनिल म्हणाला, "दादा, तो पबमधूनच निघाला होता ना? मग ट्रकवाल्याला काय बोल लावायचा?"

लतिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे नीट खाली ठेवला आणि आत गेली. मी अनिलला जायला सांगितलं. तो गेला, पण वाक्य घरात राहिलं. पुढे अनेकदा भाजी चिरता चिरता ती विचारायची, "प्यायला असेल का हो?" मी म्हणायचो, वल्लरीला विचारू. ती म्हणायची, "नाही. त्या पोरीला हे विचारायचं नाही. नवरा गेलाय तिचा. तिला वाटेल, आपणही त्यालाच दोष देतो." तिने मला तशी शपथ घातली. वर्ष पुरं व्हायच्या आत लतिका झोपेत गेली. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले.

कलम ५. नंतरच्या वसंतात मी एकटा लाइपझिगला गेलो. वल्लरी मला हेल्गाबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जर्मनमध्ये बोलत राहिल्या. वल्लरी मराठीत सांगत होती. "म्हणतायत, त्या दिवशी इथेच बसला होता. सूप घेतलं. आणि... सायकल असली की तो बिअर घ्यायचा नाही म्हणतात. सफरचंदाचा रस सोडा घालून. त्या दिवशीही तोच. ह्या त्याला चिडवायच्या, इंडियाचा बेबी म्हणून."

मी म्हटलं, "परत विचार."

तिने परत विचारलं. बाईंनी काउंटरवरची रसाची बाटली उचलून मला दाखवली.

वल्लरी म्हणाली, "बाबा, काय झालं? तुम्हाला माहीत नव्हतं?" मी मान हलवली. "मग मला का नाही विचारलंत? मी सांगितलं असतं ना." लतिकाने मला घातलेली शपथ मी तिला सांगितली. ती पोर तिथेच बाकावर बसून रडली, यशच्या वेळीही मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती. जे उत्तर ऐकायला माझी बायको तळमळत गेली, ते एका फोनच्या अंतरावर होतं. लतिकाने ते मागितलं नाही ते सुनेच्या मायेपोटी. यात कोणाची चूक काढावी हे मला आजवर कळलेलं नाही.

कलम ६. भाऊ अनिल त्र्यंबक निमकर यास माझ्या मालमत्तेत वाटा नाही. मात्र त्याला डॅलसहून लाइपझिगचं जाण्यायेण्याचं तिकीट द्यावं. त्याने हेल्गाबाईंसमोर बसावं आणि यशने काय मागवलं होतं हे स्वतः विचारावं. मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, जाऊ दे ना आता ते." मी जाऊ दिलेलं नाही. काय प्यावं हे त्याचं त्याने ठरवावं. वल्लरीने त्याच्याबरोबर जाण्याची गरज नाही.

कलम ७. गॅरेजमधली हत्यारं, ड्रिल आणि मोठी शिडी शेजारच्या प्रथमेशला. शिडी तशीही त्याच्याकडेच असते. लतिकाच्या पैठण्या रुहीला, आणि धपाट्यांचा तवा वल्लरीला. तो विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, याची नोंद घ्यावी.

कलम ८. यशच्या अस्थी लाइपझिगच्या स्मशानभूमीत आहेत, रुहीला तिथे चालत जाता येतं. त्या हलवू नयेत. माझ्या अस्थी गॅल्व्हस्टनच्या समुद्रात सोडाव्यात, लतिकाच्या सोडल्या त्याच बाजूला. मंत्र, भाषणं नकोत. जमलेल्यांना जेवू घालावं.

अनिल येईल. त्याला कोणी अडवू नये. तो माझा सख्खा भाऊ आहे, त्याची जागा पहिल्या रांगेत आहे. चहा द्यावा, साखर कमी. फक्त त्याला बोलायला उभं करू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

सही: मोरेश्वर त्र्यंबक निमकर

साक्षीदार: अबोली जगन्नाथ करंदीकर, शुगर लँड
साक्षीदार: संग्राम वसंत घोरपडे, शुगर लँड

स्थळ: शुगर लँड, टेक्सास
दिनांक: १४ मार्च २०२५