रौप्यमहोत्सवाचा निळा रंग

३ फेब्रुवारी

ठरलं! क्लबच्या रौप्यमहोत्सवाला सगळे पलंग परत आणायचे. आजाऱ्यांच्या घरी आपण वापरायला देतो ते—हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारे. सगळ्यांना एकच निळा रंग द्यायचा आणि व्यासपीठामागे ओळीने मांडायचे. कल्पना अर्थातच अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे आमचे हे.

मी म्हटलं, "आणि त्यांच्यावरच्या माणसांचं काय? त्यांनाही ओळीने मांडायचं?" सगळे हसले. हेही हसले. मग ठराव एकमताने मंजूर. माझाही हात वर होता! कसा गेला कोण जाणे.

पलंगांची देवघेव माझ्याकडे. म्हणजे वाईटपणाही माझ्याकडे.

५ फेब्रुवारी

दिवसभर फोन. सगळे "बरं" म्हणाले. फुकट मिळालेल्या वस्तूवरून माणूस भांडत नाही. कोणीतरी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाईंचा पलंगही क्लबचाच, खुब्याचं हाड मोडल्यापासून. सकाळी मी हँडल फिरवते, त्या उठून बसतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात. ह्यांना विचारलं, "हा कधी न्यायचा?"

"घरचा आहे, राहू दे. एक कमी दिसला तर काय बिघडतं?"

"मग त्या शिंप्याच्या आजारी बायकोचा कमी दिसू दे की."

"तू प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतेस."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. त्यांचे कान अजून तिखट आहेत.

८ फेब्रुवारी

शिंप्याकडचा पलंग आणला. एकच खोली—एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला पलंग, मध्ये चालायला बोळ. बायकोला आडवं पडलं की धाप लागते. डोकं उंचच हवं. मला वाटलं, हा तरी नाही म्हणेल. तर म्हणतो कसा, "न्या ताई, तुमचाच आहे. चार दिवसांचा तर प्रश्न."

त्याने गिऱ्हाइकांच्या कापडाची गाठोडी मशीनला लावून रचली आणि तिला त्यांना टेकून बसवलं. ती माझ्याकडे बघून हसली. हसायचं काय होतं त्यात?

टेंपोवाला वाटेत म्हणाला, "मॅडम, मी नुसता हमाल. तुम्ही तरी काही बोला की." मी बोलते हो. ऐकतं कोण?

९ फेब्रुवारी

हॉलमागे रंगकाम सुरू. डोळ्यात खुपणारा निळा. नाक धरूनच जावं लागतं.

१२ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. पाहुणे उशिरा आले आणि बोलायचे लवकर थांबेनात. "हे नुसते पलंग नाहीत, ही माणुसकी आहे!"—टाळ्या. ह्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, नाटक नव्हतं. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे.

फोटोसाठी पाहुणे एका पलंगावर टेकले आणि पँटला निळा पट्टा घेऊन उठले! मी रुमालात तोंड घालून हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं—रंग अजून ओला आहे.

१४ फेब्रुवारी

शिंप्याकडे पलंग पोचवला. बायकोला त्यावर बसवलं मात्र, खोकल्याची उबळ जी सुरू झाली ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. रंगाचा वास! आधीच श्वास पुरत नाही, त्यात हा. शिंपी आणि टेंपोवाल्याने पलंग उचलून बाहेर जिन्यापाशी ठेवला. ती पुन्हा गाठोड्यांवर.

मी मोठ्या तोंडाने म्हटलं, "थांबा, दुसरा आणून देते." आणि अर्धा जिना उतरून थांबले. दुसरा कुठला? सगळेच निळे. एकूण एक!

एक सोडून. पण तो विचारही नको.

१६ फेब्रुवारी

काल पलंग गच्चीत उन्हात ठेवला. आज रॉकेलने पुसला. आता रंगाच्या वासावर रॉकेलचा वास! अक्कल गहाण टाकली होती मी. रंगारी म्हणतो, "ऑइलपेंट आहे बाई. वास जायला दोन-तीन आठवडे धरा."

तिथे ती मशीनला टेकून बसलेली, म्हणून मशीन बंद. मशीन बंद म्हणून गिऱ्हाइकं दारात ओरडतायत. डॉक्टर म्हणाले, डोकं उंच ठेवा, नाहीतर छातीत पाणी वाढेल. तिला बसल्या बसल्या डुलकी लागते, मान कलंडते, दचकून जागी होते. शिंपी तिचं डोकं हाताने धरून बसलेला. तोच मला म्हणतो, "ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

ह्यांना म्हटलं, क्लबतर्फे एक नवीन घेऊ, आजच. "पुढच्या सभेत विषय घेऊ." सभा महिनाअखेरीस. तोवर काय तिने श्वास धरून बसायचं? मी ओरडले. हे पेपर वाचत राहिले.

ओट्यापाशी उभी राहून रडले. आतून सासूबाईंची हाक—"काय गं, काय झालं?" त्यांना सगळं सांगितलं. मनात होतं ते सोडून. ते कुठल्या तोंडाने मागायचं, हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बाईकडे? त्यांनी कप तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "चहा पाणचट झालाय."

१७ फेब्रुवारी

भाजी घेऊन आले तर दार सताड उघडं. सासूबाई जमिनीवरच्या गादीवर, भिंतीला टेकून. पलंगाच्या जागी नुसते चार पायांचे डाग.

"टेंपोवाल्याला फोन करून बोलावलं. उचलून ठेवलं त्याने मला, अलगद. पलंग पोचलाही शिंप्याकडे."

"अहो आई! पण आता तुम्हाला उठवायचं कोणी?"

"का? अध्यक्ष आहे की घरात."

हे अजून यायचेत. मी काही सांगणार नाहीये.