तिसरी हाक

मालवण, २० नोव्हेंबर २००७, दिवेलागण

आज पुन्हा दादाच्या पत्त्यावरून मेल. पावसाच्या तोंडावर त्याची होडी रिकामी मिळाली, दादा अजून मिळालेला नाही. आणि मेलच्या विषयात तेच, 'हॅलो पेडवो'. आत स्वस्त गोळ्यांची जाहिरात.

मी हडकुळी, म्हणून तो मला त्या बारक्या मासळीच्या नावाने हाक मारायचा. पेडवो. तो एकटाच.

सायबर कॅफेवाला नितीन म्हणतो, कुणीतरी दादाचा पासवर्ड चोरलाय, दादाने साठवलेली नावं मशीन आपोआप उचलतं. पटतं. गोळ्यांच्या जाहिराती अडवणारा फिल्टर नितीननेच लावून दिला होता, तरी हे आलंच. आता म्हणतो, "तो पत्तोच ब्लॉक कर." दादाचा पत्ता? मी?

पहिला मेल आला तेव्हा आईला सांगितलं होतं. तिने विळी आडवी केली आणि म्हणाली, "तीन हाका येयसर ओ दिव नको गो. मेलेल्यांका तिसरी हाक मारूक जमणा नाय." तिसरी आली तर हाक मारणारा जिवंत, हा तिचा हिशेब. मी हसले होते.

आजचा मेल तिसरा.

काय वेडेपणा हा. मशीनच्या हाका कसल्या मोजायच्या? घरच्याच कॉम्प्युटरवर ब्लॉक करायला बाण नेला, पण बोट दाबेना. पडद्यावर एकाखाली एक, पेडवो, पेडवो, पेडवो. आणि नकळत तोंडातून गेलंच, "ओ."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"कोणाक ओ दिलंस गो?"