लिंबाच्या सालींचा बदला

३ मार्च
मेडिकलवाल्या काकांनी आज मला कामावरून काढलं. कारण काय, तर फोन केले नाहीत. ज्यांच्या गोळ्या संपत आल्यात त्यांना फोन करून आठवण करायची, हे माझं काम. मी वहीत टिक करायचो. टिक एकदम नीट होत्या. काका चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "इंग्लिश फाडफाड बोलतोस, मग फोनवर का तोंड उघडत नाही?" एक आजी खोकता खोकता हसल्या.
बघून घेईन.

४ मार्च, सकाळी ११
प्लॅन रेडी. त्यांचा मेन धंदा बीपीच्या गोळ्या. तोच बुडवायचा. रिसर्च केला, वीस मिनिटं. फ्रिजवर लिंबाच्या साली पडल्या होत्या, म्हणून लिंबाच्या साली.

६ मार्च
रील टाकलं. 'बीपीची गोळी सोडा, सालींचं पाणी प्या. औषधवाले हे कधीच सांगणार नाहीत.' अंगात ताईचा केमिस्ट्री लॅबचा कोट. तसं खोटं नाहीये. लिंबू नॅचरल आहे.
आईने लगेच तिच्या वॉकिंग ग्रुपवर टाकलं, 'माझा मुलगा' लिहून. पूर्ण बघितलंस का विचारलं तर म्हणाली, बघायचं काय त्यात, तूच आहेस ना.

९ मार्च
बावीस हजार व्ह्यूज. काका संपले. एका डॉक्टरबाईंनी कमेंट केली की असलं सांगू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. मी लिहिलं, 'मॅडम, औषधवाल्यांकडून किती मिळतात?' नऊशे लाइक्स. समाजसेवा पण होतेय.

१३ मार्च
दुकानावरून तीनदा चक्कर मारली. गर्दी तेवढीच. शेवटची असणार.
आईचं डोकं दुखतंय, चार दिवस झाले. ऊन फार आहे.

१७ मार्च
काकांचा घरी फोन. वाटलं, आले गुडघ्यावर. त्यांना आई हवी होती. तिच्या बीपीच्या गोळ्या दहा दिवसांपूर्वीच संपायला हव्या होत्या, न्यायला कुणी कसं आलं नाही? आई कौतुकाने म्हणाली, "आता गोळ्या कशाला? आमच्या मुलाने शोधून काढलंय ना."
दहा मिनिटांत काका मशीन घेऊन दारात. एकशे नव्वद. त्यांनीच स्कूटरवरून हॉस्पिटलला नेलं, मी मागून रिक्षाने.
भर दुपारी त्यांचं शटर खाली होतं. माझ्यामुळेच. हेच तर हवं होतं मला.

१८ मार्च
आई ठीक आहे. तिने विचारलं, "म्हणजे ते खरं नव्हतं?" एडिटिंगमध्ये गडबड झाली, असं सांगितलं. ती 'बरं' म्हणाली आणि भिंतीकडे वळली.
काका ओरडले नाहीत. फक्त वही उघडून समोर धरली. दोन मार्च, आईचं नाव. पुढे माझी टिक.

१९ मार्च
रील डिलीट केलं. पण कुणीतरी आधीच उचलून स्वतःच्या पेजवर टाकलंय. चार लाख व्ह्यूज. मी खाली लिहिलं, 'हे खोटं आहे. व्हिडिओत मीच आहे.'
दोन मिनिटांत रिप्लाय. 'औषधवाल्यांकडून किती मिळाले?'
बाराशे लाइक्स. मला नऊशेच पडले होते.