पंप आता नीट फिरतोय

रविदादा,

तुझा कॉम्प्युटर आता तापत नाही. त्याला गार ठेवणाऱ्या कूलरमधलं पाणी संपलं नव्हतं, गळतही नव्हतं. प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर जायचा, तरी पाणी थंड करणारा वरचा रेडिएटर हाताला गारच लागायचा, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. पंपाची वायर पंख्याच्या जागी जोडलेली होती, त्यामुळे पंप जेमतेम फिरायचा. मी ती बदलली. सकाळपासून तुझ्या गंगापूर रोडच्या बिल्डरचा व्हिडिओ रेंडर होतोय आणि आकडा पासष्टच्या वर गेलेला नाही. पंप आता जरा गुणगुणतो, त्याला घाबरून बंद करू नकोस.

उन्हाळाभर तू साइटवर गेलास की मी कॉम्प्युटरसमोर बसायचे. आकडा चढला की काम थांबवायचं, उतरला की परत सुरू करायचं. पंचवटीत भाजीला गेले तरी जीव त्या खोलीतच असायचा. पुण्याची नोकरी लागली तेव्हा तू म्हणालास, "मशीन नीट होऊ दे, मग जा. तू गेलीस तर याच्याकडे बघणार कोण?" मी बरं म्हटलं. तुला नाही म्हणायला मला जमतच नाही.

मशीन नीट झालंय, म्हणून निघाले. उद्या रुजू व्हायचंय. तू घरात असतास तर माझा पाय निघाला नसता.

आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

पोचले की मीच फोन करेन. तोवर तू करू नकोस, दादा. तुझा आवाज ऐकला तर मी वाटेत सिन्नरलाच उतरेन आणि परत येईन.

सृष्टी