स्लॅबवर साचलेला तलाव

हमरापूर,
आषाढातला बुधवार

तीर्थस्वरूप रंभाताईस,

धाकट्या शांतीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भावजींची शिफ्ट बदलली का? अष्टमीहून पूल ओलांडून तुला रोह्याच्या बाजारात पायी नेत असतील, तर माझं नाव सांगून रिक्षा करायला लाव. आम्ही इकडे सुखरूप आहोत. (हे वाक्य काल दुपारी लिहायची माझी हिंमत नव्हती.)

गेल्या वर्षी आमच्या घरातल्या कारखान्याचा स्लॅब गळला आणि शाडूच्या कच्च्या मूर्तींच्या सोंडा विरघळून पोटावर उतरल्या, ते तू पाहिलंसच. यंदा तसं झालं असतं, तर गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून ह्यांनी वैशाखातच ठरवलं, वॉटरप्रूफिंग आपल्या हातानं करायचं. पेणच्या दुकानदारानं विचारलं, काँक्रीटमध्ये मुरणारं देऊ की वर रबरासारखा थर धरणारं? ह्यांनी तिसरंच आणलं, कारण त्या डब्यावरच्या चित्रातली फरशी चकाकत होती. (जन्मभर मूर्तींना वार्निश मारलेला माणूस, चकाकी दिसली की भान राहत नाही.) वर स्लॅब धुऊन ओल्यावरच ब्रश फिरवला. उन्हं चढली तसे त्याला पुऱ्यांसारखे टम्म फुगे आले. सासूबाई जिन्यातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "गोविंदा, तळून झालं असंल तर खाली ये."

मग ते सगळं तारेच्या ब्रशानं खरवडण्यात आमचे हात सोलले. दुसऱ्या खेपेला थर धरणारं आणलं, आणि डबा मी आधी ताब्यात घेऊन मोठ्यानं वाचला. भेगा भरा, स्लॅब पुरता वाळू द्या, पहिला हात उभा, दुसरा आडवा. हे म्हणाले, "वाचून कुणाची गळती थांबलीय गो?" पण ऐकलं. भेगा मी भरल्या, कारण मूर्तींचे सांधे लिंपणाऱ्या हाताला त्याचं काय मोठंसं! हात ह्यांनी मारले, आणि खरं सांगते ताई, फार सुबक मारले.

काल धो धो कोसळत होता. मी खाली मूर्तींखाली पाट सरकवत होते, तेवढ्यात समोरच्या गिरजाबाई ओरडल्या, "शांते, तुझ्या घरावर तलाव झालाय गो!" हे वर धावले. ब्रश मारताना पन्हाळीत रंग जाऊ नये म्हणून ह्यांनी तिच्या तोंडात फडकं कोंबलं होतं आणि मग त्याच्यावरूनही दोन हात मारले होते, उभा आणि आडवा. पाणी जायला वाटच नाही! कठड्याच्या आत हे पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभे, आणि खाली मी, माझ्याभोवती सगळे गणपती, आणि आमच्या डोक्यावर तो तलाव. वरून हाक आली, "गळतंय का गो?" मी छताचा कोपरा न् कोपरा बघितला. कुठं थेंब नाही, ओल नाही. "नाय!" म्हणून ओरडले आणि तिथंच मला रडू फुटलं.

मग रडत रडतच बाहेर गेले आणि जळमटं काढायच्या झाडूच्या लांब दांड्यानं पन्हाळी खालून ढोसली. फडक्यासकट सगळा तलाव माझ्या अंगावर आला. सासूबाईंनी पंचा दिला आणि म्हणाल्या, "स्लॅब ऱ्हायला कोरडा, सून भिजली. चालंल." आम्ही तिघंही ओटीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. काल कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शांती

ता. क. अर्धा डबा उरला आहे, आणि हे रविवारी तुमचा स्लॅब करायला रोह्याला यायचं म्हणतात. तुमचा गळत नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही. भर पावसात हे काम होत नसतं, ते तू त्यांना तिकडे पोचल्यावर सांग, आणि उघडीप मिळेपर्यंत ठेवून घे. मला मूर्तींचे डोळे रेखायचे आहेत, आणि हे पाठीशी उभे राहून नुसत्या सूचना करतात.

ता. क. दुसरा. सासूबाईंनीही पिशवी भरली आहे. मी अडवणार नाही.